जुनं जॅकेट चालेल, हेल्मेट मात्र नवंच

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा बनते. डिसेंबर २०२३ मध्ये भारतात आलेली अप्रिलियाची आरएस ४५७ ही चार लाखांच्या घरातली दणकट मोटारसायकलही इथलीच, आणि ती परदेशातही जाते. म्हणजे दुचाकी बनवण्यात या तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर आहे. दुचाकीवर बसणाऱ्याच्या अंगावर काय असावं याचा विचार मात्र इथे अजून हेल्मेटाशीच अडखळतो. तो जिथे सुरू झाला आहे तिथे पहिला प्रश्न पैशाचाच येतो. कोपर, खांदा आणि पाठीला कवच असलेलं साधं जाळीदार रायडिंग जॅकेट घ्यायचं तर सात-आठ हजारांपासून सुरुवात, आणि नावाजलेल्या कंपनीचं असेल तर दुप्पट-तिप्पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या वरच्या कपड्यावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला, त्यामुळे नवीन मालाचा आकडा आणखी टोचतो. दोन व्यक्तींमधल्या परस्पर व्यवहारात हा कर नसतो. साहजिकच मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘दोनदाच वापरलंय, निम्म्या किमतीत देतो’ असं वाचलं की बारामतीच्या कामगाराचा किंवा इंदापूरच्या कॉलेजातल्या पोराचा हात थबकतो. ही निम्मी किंमत खरोखर स्वस्त असते का, हे नीट तपासून पाहायला हवं. माझ्या मते बहुतेक वेळा ती स्वस्त नसते, जेमतेम बरोबरीची असते. आणि एका वस्तूच्या बाबतीत तर ती फुकट मिळाली तरी महागच.

आधी एक गैरसमज दूर करू. रायडिंग जॅकेट म्हणजे जाड कापडाचं, मागे मोठं नाव छापलेलं काळं जॅकेट नव्हे. त्याला दोन कामं करायची असतात. रस्त्यावर घसरताना कातडी सोलली जाऊ नये म्हणून कापड आणि शिलाई तग धरायला हवी, आणि आपटताना हाडावर येणारा मार पसरवण्यासाठी आत कवच हवं. ताशी ६० किलोमीटर वेगानं पडलेला माणूस थांबेपर्यंत साधारण वीस-पंचवीस मीटर घसरतो. वेग ८० झाला तर हे अंतर पावणेदोनपट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. साधी सुती जीन्स अशा घर्षणात जेमतेम सेकंदभर टिकते. म्हणून युरोपात अशा कपड्यांसाठी ईएन १७०९२ नावाचं मानक आहे. त्यात कपड्याला ए, एए आणि एएए असे दर्जे मिळतात. अंगाच्या सर्वांत धोक्याच्या भागावरचं कापड यंत्रावर घासून पाहतात, आणि त्या चाचणीचे वेग ढोबळमानानं ए साठी ४५, एए साठी ७० आणि एएए साठी १२० किलोमीटर धरलेले आहेत. कवचाचं मानक वेगळं, ईएन १६२१. पाठीच्या कवचावर ठरावीक आघात करून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. पहिल्या पातळीत ते सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत हवं, दुसऱ्या पातळीत ९ च्या आत, म्हणजे निम्म्यावर. चांगल्या भारतीय कंपन्याही आता हीच मानकं सांगतात, त्यामुळे हे आकडे परदेशी चोचले राहिलेले नाहीत. जुनं जॅकेट हातात घेतल्यावर आतल्या पट्टीवर हे दिसलं नाही, तर पुढची घासाघीस करायचं कारणच उरत नाही. तो थंडीचा कपडा आहे, आणि थंडीच्या कपड्याचेच पैसे द्यावेत.

हे कपडे खरंच वाचवतात का? ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी कॅनबेरा परिसरातल्या २१२ अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलचं खास जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी दिसली, खास पँट घातलेल्यांची निम्म्यावर आली आणि हातमोजे घातलेल्यांची एकोणसाठ टक्क्यांनी घटली. याच अभ्यासातल्या दोन गोष्टी जाहिरातीत कोणी सांगत नाही. एक, कवचामुळे हाड मोडण्याचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. खरचटणं, सोलणं, मांस फाटणं कमी झालं; फ्रॅक्चर नाही. दुसरी, जुनं घेणाऱ्यासाठी फार महत्त्वाची: अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी जवळपास तीस टक्के, पँटांपैकी अठ्ठावीस टक्के आणि मोज्यांपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक फाटून, उसवून निकामी ठरली. बाजारातली ही तथाकथित सुरक्षित वस्त्रं वापरात असतानाच तीनात-चारात एक दगा देत असतील, तर कोणी तरी चार वर्षं वापरून, धुऊन, उन्हात वाळवून विकायला काढलेल्या जॅकेटावर डोळे मिटून विश्वास ठेवणं धाडसाचं आहे. सावध माणूसच असे कपडे घालतो आणि सावध माणूसच सावकाश चालवतो, त्यामुळे सगळं श्रेय कपड्यांना देता येत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण सोललेली कातडी कापडानं वाचते की नाही, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

आता इथला नेहमीचा प्रश्न: बारामती-इंदापुरात हे घालतं कोण? लेह-लडाखला जाणारे पुण्याचे हौशी तरुण, फार तर रविवारी सकाळी भिगवणला रोहित पक्षी बघायला आणि मासळी खायला येणारे. आपण भवानीनगरहून बारामतीला पाळीवर जाणारी माणसं, आपल्याला कशाला? पण धोका कोणाला आहे ते बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतले सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. पाटसहून बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली, आणि जसजसा रस्ता रुंद झाला तसतसा शंभर सीसीच्या गाडीचाही वेग वाढला. पूर्वी खड्ड्यांमुळे चाळीसवर चालणारी गाडी आता सत्तरवर जाते. उत्तरेला पुणे-सोलापूर महामार्ग आहेच. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांची धुराडी पेटली की सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असा सगळा टापू उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातो. मागचे दिवे नसलेली दुहेरी ट्रॉली अंधारात उभी असते आणि रस्त्यावर उसाची कांडी आणि चिखल सांडलेला असतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर याच रस्त्यावर जाणाऱ्याला वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्यापेक्षा जॅकेटाची गरज जास्त आहे. फक्त त्याला कोणी रायडर म्हणत नाही, आणि त्याच्या खिशाला नवीन परवडत नाही. म्हणून जुन्या कपड्यांचा हिशेब त्याच्यासाठीच मांडायला हवा.

हिशेबात पहिली चूक होते ती भाजक निवडताना. विकणारा सांगतो, ‘मी अठरा हजारांना घेतलं होतं, नऊला देतो.’ त्यानं किती मोजले याच्याशी आपला काहीच संबंध नाही. आज तेवढंच संरक्षण नवीन कितीला मिळतं, हा प्रश्न आहे. पाच वर्षांपूर्वीच्या आयात केलेल्या जॅकेटात पहिल्या पातळीचं कवच आणि पाठीला नुसता स्पंज असेल, आणि आज एखाद्या भारतीय कंपनीचं दुसऱ्या पातळीच्या कवचाचं नवं जॅकेट नऊ-दहा हजारांत मिळत असेल, तर ते परदेशी नाव आपण कशासाठी विकत घेतो आहोत हे स्वतःला विचारावं. नाव घसरताना कामाला येत नाही.

दुसरी चूक उरलेल्या आयुष्याची. समजा नवीन जाळीदार जॅकेट आठ हजारांना आहे आणि नियमित वापरात ते सात वर्षं नीट राहील. म्हणजे वर्षाला साधारण साडेअकराशे रुपये. तेच जॅकेट तीन वर्षं वापरलेलं चार हजारांना मिळतंय, उरलेली वर्षं चार. वर्षाला हजार, वरवर स्वस्त. पण ते बघायला, अंगावर घालून पाहायला पुण्याला जावं लागलं, तर बारामतीहून शंभर आणि इंदापूरहून सव्वाशेच्या वर किलोमीटर एका बाजूनं. पेट्रोल आणि चहापाण्याचे पाचशे धरले की हिशेब नव्याच्या बरोबरीला येऊन टेकतो. कवच कडक झालेलं किंवा मूळचंच तकलादू असेल तर बदलायला दीड हजार आणखी. सहा हजारांना चार वर्षं, म्हणजे वर्षाला दीड हजार. निम्म्या किमतीचं जॅकेट नव्यापेक्षा महाग पडलं. हे सगळे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे असतील; पण मांडणी बदलत नाही. कवच चांगलं आणि वय तीन वर्षांच्या आत असेल तर निम्मी किंमत ही फक्त बरोबरी असते. कवच बदलावं लागणार असेल तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देण्यात अर्थ नाही. नव्याबरोबर बिल, कंपनीची हमी आणि माप बदलून घेण्याची सोय येते, ती तर यात धरलेलीच नाही.

यावर एक रास्त उत्तर आहे: ‘वर्षाचा हिशेब कागदावर ठीक, पण माझ्याकडे आज आठ हजार नाहीतच. अडीच हजार आहेत.’ हे पूर्ण मान्य. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याला दरवर्षीचा खर्च कमी आहे हे सांगून उपयोग नसतो. हप्त्यानं खत आणि बियाणं घेणाऱ्या भागात हे वेगळं समजावायला नको. म्हणूनच जुन्याला जागा आहे. पण ती अडीच हजारांच्या आसपास आहे, पाच-सहा हजारांच्या आसपास नाही. पाच-सहा हजार जमले असतील तर आणखी दोन महिने थांबून नवं घ्यावं. मधल्या किमतीत खरेदी करणारा माणूस सगळ्यांत जास्त फसतो, कारण तो जवळजवळ नव्याचे पैसे देतो आणि जोखीम जुन्याची घेतो.

अडीच हजारांचं जॅकेट निवडताना बघायचं काय, हा खरा कौशल्याचा भाग, आणि जमेची बाजू अशी की कापडाचं आयुष्य बरंचसं डोळ्यांना आणि बोटांना कळतं. आधी जॅकेट उलटं करावं. बाहेरून पुसून चकचकीत केलेल्या जॅकेटाची शिलाई आतून बोलते. खांदा, कोपर आणि पाठीच्या बाजूची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघावी. टाके दिसायला लागले किंवा दोरा पिंजारला असेल तर ठेवून द्यावं. अपघातात आधी कापड फाटत नाही, शिवण उसवते. एखाद्या जागी दोऱ्याचा रंग वेगळा दिसला तर तिथे दुरुस्ती झाली आहे, आणि दुरुस्ती का करावी लागली हे विचारायला लाजू नये. जॅकेट पडलेल्या माणसाच्या अंगावर होतं की नाही, हे कोपराच्या आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कळतं. तिथे कापडाचा पोत वितळल्यासारखा गुळगुळीत किंवा केसाळ झालेला असतो. पॉलिस्टर आणि नायलॉन घर्षणाच्या उष्णतेनं असं चमकतं, आणि धुण्यानं ती चमक जात नाही. एकदा घासून निघालेलं जॅकेट दुसऱ्यांदा तेवढं टिकणार नाही, मग ते कितीही स्वच्छ दिसो. रंगही सांगतो. काळं जॅकेट खांद्यावर तांबूस-करडं पडलं असेल तर ते उन्हात खूप राहिलं आहे, आणि ऊन या धाग्यांची ताकद खातं. केव्हलारसारखे धागे तर उन्हात पिवळे पडून लवकर कमजोर होतात. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दाराशी गाडीवर टाकून ठेवलेलं जॅकेट पुण्याच्या कपाटात राहिलेल्या जॅकेटापेक्षा किती तरी म्हातारं असतं. त्यामुळे किती किलोमीटर वापरलं यापेक्षा कुठे ठेवलं होतं हे विचारलेलं बरं.

मग कवच काढून हातात घ्यावं. विकणारा ‘काढता येत नाही’ म्हणाला तर तिथेच शंका घ्यावी, कारण धुण्यासाठी ते काढता यावंच लागतं. खऱ्या कवचावर ईएन १६२१, पातळीचा आकडा आणि ते कोणत्या अवयवाचं आहे त्याचं चिन्ह साच्यातच उठवलेलं असतं. चिकटवलेल्या कागदी लेबलावर भागत नाही. ते वाकवून सोडावं. पुन्हा मूळ आकारात यायला हवं, कडेला भेगा नकोत, बोटाला पूड लागायला नको. पॉलियुरेथेनचा फेस हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू कुजतो, आणि तो आतून कुजतो. रायडिंगच्या बुटांचे सोलही याच कारणानं कपाटात ठेवल्या ठेवल्या तुकडे होऊन पडतात. म्हणून पाच-सात वर्षं न वापरलेला, अगदी नवाकोरा दिसणारा बूट ‘वापरलेलाच नाही’ म्हणून जास्त पैसे देऊन घेणं हा उलटा सौदा आहे. टाचेजवळचा सोल अंगठ्यानं जोरात दाबून पाहावा. जॅकेटकडे परत येऊ. सगळी कवचं जागच्या जागी आहेत ना हेही मोजावं. खांद्याची दोन, कोपराची दोन आणि पाठीचं एक. पाठीच्या कप्प्यात पुष्कळदा मूळचाच पातळ स्पंज असतो, आणि त्याचा उपयोग फक्त जॅकेट भरदार दिसण्यापुरता.

शेवटी अंगावर घालून गाडीवर बसल्यासारखं पुढे वाकावं. हात पुढे केल्यावर कोपराचं कवच कोपरावरच राहायला हवं, दंडाकडे सरकता कामा नये. ढगळ जॅकेटातलं कवच पडताना फिरतं आणि हाड उघडं पडतं. आपल्याकडे कपडा थोडा मोठाच घ्यायची सवय आहे, वाढत्या अंगाचा म्हणून. ती इथे सोडावी. फोटो बघून कुरिअरनं मागवलेल्या जुन्या जॅकेटाचा सगळ्यात मोठा तोटा हाच. माप चुकलं तर परत घेणारं कोणी नाही. जुन्या बाजारात नाव छापलेल्या नकलाही मुबलक आहेत, पण नक्कल ओळखायला कंपनीचं चिन्ह बघत बसू नका. आतलं कवच आणि मानकाची पट्टी बघा, नाव खरं की खोटं याची चिंता आपोआप संपते.

जुन्या मालात आणखी एक सापळा आहे. विकायला येणारी कितीतरी जॅकेटं लांबच्या, थंड प्रवासासाठी घेतलेली तीन थरांची असतात: बाहेरचं कापड, पाऊस अडवणारा थर आणि ऊब देणारा थर. एक सहल झाली, हौस फिटली, जॅकेट विकायला काढलं. त्यामुळे ती खरोखर कमी वापरलेली असतात आणि सूटही भरघोस असते. पण इंदापूर हा कमी पावसाचा, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकणारा तालुका. तिथे असं जॅकेट डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाळीला जाताना घातलं जाईल आणि फेब्रुवारीत खुंटीला लागेल. खुंटीला लागलेलं एएए दर्जाचं जॅकेट अंगावरच्या साध्या ए दर्जाच्या जाळीदार जॅकेटाहून कमीच वाचवतं. ‘उन्हात हे कसं घालायचं?’ हा आक्षेप या भागात सर्वांत खरा आहे आणि त्याला उपदेशानं उत्तर देता येत नाही, निवडीनंच देता येतं: जाळीदार, फिकट रंगाचं, पावसाच्या थराशिवायचं. पाऊस आला तर वरून साधा रेनकोट. ज्या थरांची आपल्याला गरज नाही त्यांचे पैसे निम्म्या दरानंही का द्यायचे?

रंगाचा मुद्दा सजावटीचा वाटेल, पण गळीत हंगामातल्या अंधारात तो कवचाइतकाच महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मोटारसायकलस्वारांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा अपघाती दुखापतीचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. जुन्या जॅकेटावरच्या परावर्तक पट्ट्या धुऊन धुऊन करपलेल्या असतात. अंधारात मोबाइलचा दिवा टाकून बघितलं की कळतं. पण एवढ्यासाठी जॅकेट नाकारायची गरज नाही. रस्त्यावर काम करणारे कामगार घालतात तशी दोन-तीनशे रुपयांची पिवळी-हिरवी बंडी वरून चढवली की काम भागतं.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात: जुने घेऊ नयेत. तळहाताचा भाग वापरानं सगळ्यात आधी झिजतो, घामानं चामडं कडक होतं, आणि बचत होते ती जेमतेम चार-पाचशे रुपयांची. ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांत सर्वांत मोठा फरक हातमोज्यांनीच पाडला होता, तेव्हा कमी पैशात सर्वाधिक लाभ हवा असेल तर सुरुवात इथूनच व्हावी. पँटच्या बाबतीत जॅकेटाचेच नियम. गुडघ्याचं कवच बसल्यावर गुडघ्यावर येतं का, एवढं मात्र नक्की बघावं. बुटांना तर फार लांब जायलाही नको. त्याच अभ्यासात मोटारसायकलचे नसलेले, पण घोटा झाकणारे साधे मजबूत बूट घालणाऱ्यांच्याही पायाच्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या होत्या. कारखान्यात मिळालेले सेफ्टी शूज ज्याच्याकडे आहेत त्यानं चपलेवर गाडी चालवू नये, एवढं केलं तरी एक खर्च वाचला.

आता हेल्मेट. जॅकेटाबाबत जे सगळं वर सांगितलं ते कापड डोळ्यांना दिसतं म्हणून. हेल्मेटाचं खरं काम करणारा भाग दिसत नाही. बाहेरच्या कवचीच्या आत थर्माकोलसारखा फेसाचा थर असतो. आघात झाला की तो दबतो, आणि दबण्यातच डोक्याकडे जाणारी ऊर्जा खर्च होते. दबलेला थर पुन्हा फुगत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट अस्तराच्या आत चिरडलेलं असू शकतं आणि बाहेर ओरखडाही नसू शकतो. विकणाऱ्याचा शब्द हाच एकमेव पुरावा, आणि त्यालाही कधी कधी माहीत नसतं की धाकट्या भावानं ते पायऱ्यांवरून पाडलं होतं. इथे एक शास्त्रीय आक्षेप आहे आणि तो टाळू नये. कॅनडातल्या संशोधकांनी शेकडो वापरलेल्या सायकल-हेल्मेटांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत काही पंचवीस वर्षांहून जुनी होती, आणि निव्वळ वयामुळे फेसाची धक्का शोषण्याची ताकद फारशी घटलेली दिसली नाही. म्हणजे पाच वर्षांनी हेल्मेट बदला हा कंपन्यांचा सल्ला थोडा व्यापारी असेलही. मोटारसायकलचं हेल्मेट वेगळं, त्यावर घाम, तेल आणि पेट्रोलच्या हातांचा मारा जास्त. तरी मुद्दा मान्य करू. पण त्या चाचण्यांनी वयाचा प्रश्न हाताळला, आपटण्याचा नाही. स्वतःचं, कधीही न पडलेलं सहा वर्षांचं हेल्मेट वापरत राहणं एक गोष्ट, आणि अनोळखी माणसाचं दोन वर्षांचं घेणं दुसरी. पहिल्यात इतिहास माहीत आहे, दुसऱ्यात नाही. आणि बचत तरी किती? १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, आणि आयएस ४१५१ मानकाचं साधं नवं हेल्मेट हजार-दीड हजारांत मिळतं. हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, हे २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानं अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं आहे. इतकी मोठी खात्री इतक्या कमी पैशात दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. तिथे पाचशे वाचवायला जाणं हा सौदा नाही. पंधरा हजारांचं परदेशी हेल्मेट चार हजारांत मिळतंय म्हणून मोह होत असेल, तर चार हजारांत उत्तम भारतीय हेल्मेट नवं येतं, हे लक्षात घ्यावं.

‘काहीच नसण्यापेक्षा काही तरी बरं’ हे वाक्य जॅकेटापुरतं खरं आहे. हेल्मेटाला ते लागू करायचं तर त्यात ‘नवं मिळतच नसेल तर’ अशी अट घालावी लागेल, आणि ती अट बारामतीत काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी पुरी होत नाही. दुसऱ्याच्या अंगचा कपडा घालायला मन धजत नाही, त्यातून तो अपघातातला असेल तर अपशकुनी, असं म्हणणारेही आहेत. बोहारणीला जुन्या साड्या देऊन भांडी घेणाऱ्या समाजाला जुन्या कपड्याची किंमत कळत नाही असं नाही. संकोच तो घालण्याचा आहे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं एवढ्यानं घाम-वास जातो. अपशकुनाचं म्हणाल तर घासलेलं जॅकेट नाकारावंच, पण कारण कापडात शोधावं.

तेव्हा हातात पाच हजार असतील तर क्रम असा लावावा: आधी नवं आयएसआय हेल्मेट, मागे बायको किंवा मुलगा बसत असेल तर दोन, मग नवे हातमोजे, उरलेल्या दोन-अडीच हजारांत, वरच्या सगळ्या तपासण्यांतून उतरलं तरच, जुनं जाळीदार जॅकेट. नाही उतरलं तर पुढच्या पगारापर्यंत थांबावं. आणि ज्यांच्या कपाटात हौसेनं घेतलेलं जॅकेट पडून आहे त्यांनी ते खोटं न बोलता, किती वापरलं आणि कधी पडलं ते सांगून, तिसऱ्या हिश्शात विकून टाकावं; पडून राहून त्याचा फेस कुजण्यापेक्षा पालखी मार्गावरच्या एखाद्या पाळीवाल्याच्या अंगावर ते जास्त शोभेल. आपटलेलं हेल्मेट मात्र विकू नका, कोणाला देऊही नका. पट्टा कापा, आतला फेस फोडा आणि मगच भंगारात टाका, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढणार नाही.